टॉवेल कोणाच्या हातात?

पत्र थोडक्यात असं आहे: "ताई, मी २७ वर्षांची. तीन वर्षं पोई (दोरीच्या टोकाला लावलेले गोळे) फिरवतेय, त्यातलं शेवटचं एक वर्ष पेटवून. नोकरी आहे पण जीव रमत नाही. एका बीचवरच्या हॉस्टेलने मेसेज केलाय, रोज रात्री शो कर, तोंडातून जाळ काढता येत असेल तर उत्तमच, राहणं-जेवण फुकट, पैसे टिप्समधून. तिथून पुढे देश फिरत शो करायचे आणि जमलं तर शिकवायचं असं डोक्यात आहे. पण शिकवण्याइतकी मी चांगली आहे असं वाटत नाही. एकटीच जाणारेय. आई म्हणते हे जिवावरचे खेळ आहेत. आता सरळ निघू का? – पोईवेडी"

अगं पोईवेडी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मी एकच गोष्ट शोधत होते, ती काही सापडली नाही. नोकरी आली, हॉस्टेल आलं, टिप्स आल्या, आई आली, पण तू फिरवत असताना ओला टॉवेल घेऊन बाजूला कोण उभं राहणार हे कुठंच नाहीये.

मी अकरा वर्षं हेच केलंय, बॅगेत साखळ्या आणि वाती (पेटवायच्या पोईत दोरीऐवजी साखळी असते आणि गोळ्याऐवजी वात) घालून एका देशातून दुसऱ्या देशात, म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, मग बाकीचं बोलू. जा. पण या मेसेजच्या भरवशावर जाऊ नकोस, आणि शिकवणं हे "जमलं तर" मध्ये ठेवू नकोस, ते पहिल्या नंबरवर ठेव. कारण आगीचा खेळ दिसतो एकटीचा पण असतो दोघांचा, एक फिरवणारं आणि एक लक्ष ठेवणारं. तू एकटी फिरायला निघालीस की हे दुसरं माणूस तुला प्रत्येक नव्या गावात नव्याने तयार करावं लागणार, आणि ते तयार करायचा मला तरी एकच खात्रीचा रस्ता सापडलाय, तो म्हणजे शिकवणं.

हे ऐकीव सांगत नाहीये. चौथ्या वर्षी एका समुद्रकाठच्या हॉटेलात माझे शो होते. माझं फ्युएल संपलं होतं, मॅनेजर म्हणाला मी आणून ठेवतो, आणि संध्याकाळी पाण्याच्या बाटलीत भरलेलं काहीतरी आणून ठेवलं. बाटलीवर लेबल नाही. मी कायम रॉकेल वापरायचे, याचा वास वेगळा होता, मला तो आला, आणि तरी मी वाती बुडवल्या कारण खुर्च्या भरल्या होत्या. वारा होता. वाती नीट झटकल्याही नाहीत. सेफ्टी म्हणून, म्हणजे लक्ष ठेवायला, जो मुलगा दिला होता तो त्याच आठवड्यात कामाला लागलेला, टॉवेल त्याच्या खांद्यावर, कोरडा, आणि हातात फोन, माझाच व्हिडिओ काढत होता. वातीतलं जास्तीचं फ्युएल उडून माझ्या डाव्या पायाच्या पँटवर मागच्या बाजूला पडलं आणि पेटलं. मला कळलंच नाही. हे नीट लक्षात घे, फिरवणारीला स्वतःच्या पोटरीमागचा जाळ दिसत नाही, कानात आगीचा घोंघाट असतो, अंगाला सगळीकडूनच धग लागत असते, आणि समोरचे लोक टाळ्या वाजवत होते कारण त्यांना तो शोचाच भाग वाटला. चार-पाच सेकंद गेले असतील, मग मी वाळूत बसकण मारली आणि हातांनी वाळू ओढून घेतली. पँट सुती होती म्हणून वितळून कातडीला चिकटली नाही. पोटरीवर तळहाताएवढं भाजलं आणि दोन महिने शो बंद. त्या मुलाचा काही दोष नव्हता गं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं टॉवेल कशासाठी असतो. ते मी सांगायला हवं होतं, दहा मिनिटांचं काम होतं.

त्या दिवसापासून माझा नियम असा की मी स्वतः शिकवलेलं माणूस समोर नसेल तर पेटवायचं नाही, मग खुर्च्या भरलेल्या असोत नाहीतर पैसे बुडोत.

आता ती दहा मिनिटं कशी असतात ते सांगते, कारण तुझ्या सगळ्या प्रवासात हाच धडा तू सगळ्यात जास्त वेळा शिकवणार आहेस. सेफ्टीच्या माणसाला मी असं सांगते: टॉवेल सुती, जाड, पाण्यात बुडवून पिळलेला, ओला हवा पण पाणी गळत नको. (आगरोधक केलेलं जाड सुती कापड मिळत असेल तर ते कोरडंच चालतं आणि वातीसाठी ते जास्त बरं, ओल्या टॉवेलने गरम वातीची वाफ हाताला बसते.) तो खांद्यावर नाही, दोन्ही हातांत उघडा धरायचा. उभं राहायचं ते माझ्या पाठीमागे, जिथलं मला दिसत नाही, म्हणजे मी वळले की तूही सरकायचं. डोळे वातीवर नाही ठेवायचे, वात सुंदर दिसते आणि नजर तिच्यामागे फिरत राहते, तर डोळे माझ्या कपड्यांवर आणि केसांवर. पेटलेलं दिसलं तर ओरडायचं, पण नुसतं "आग आग" नाही, जागा सांगायची, "डावा पाय", "पाठ", "केस". बरेचदा मी स्वतःच एका हाताने पुसून विझवते. नाही विझलं तर "थांब" म्हणायचं, मी साखळ्या खाली टाकते आणि जागेवर उभी राहते, मग तू येऊन टॉवेल गुंडाळायचा आणि दाबून धरायचा. फटके मारायचे नाहीत, फटक्याने हवा लागते. दाबून धरायचं आणि लगेच उघडून बघायचंही नाही. वात विझवतानाही तेच. फ्युएलच्या डब्याने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, झाकण टाकायचं, म्हणून झाकण डब्याच्या शेजारीच असतं, आणि डबा पेटवायच्या जागेपासून लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला.

हे सगळं मी त्या माणसाकडून न पेटवता दोनदा करून घेते. अंगावर एक चिंधी बांधते आणि सांगते, ही आग, विझव. पहिल्यांदा लोक लाजतात, हळूच हात लावतात. दुसऱ्यांदा घट्ट धरतात. आणि जिथली भाषा येत नाही तिथं मी चार शब्द त्यांच्या भाषेत पाठ करते: आग, पाय, पाठ, थांब. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून त्याचीच भाषा बाहेर पडते, तेव्हा ती तुला कळली पाहिजे.

भाषेवरून आठवलं, फ्युएलच्या नावांनी भल्याभल्यांना फसवलंय. ब्रिटनमध्ये रॉकेलला पॅराफिन म्हणतात. जर्मनीत पेट्रोलियम असं लिहिलेली बाटली म्हणजे दिव्याचं रॉकेल आणि बेन्झिन म्हणजे गाडीतलं पेट्रोल. ब्रिटनमध्ये व्हाइट स्पिरिट म्हणजे रंगाचं थिनर, न्यूझीलंडमध्ये तेच नाव कॅम्पिंगच्या स्टोव्हमध्ये घालतात त्या झटकन पेटणाऱ्या द्रवालाही आहे. आणि हा फरक नुसता नावाचा नाही. रॉकेल साधारण ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय पेटण्याइतकी वाफ देत नाही, म्हणून ते वातीवर हळू धरतं, जास्त वेळ जळतं आणि काजळी सोडतं. कॅम्पिंगचं फ्युएल शून्याच्या खालीही वाफ देतं, म्हणून ते ठिणगीसरशी भडकतं, लवकर संपतं, ज्योत स्वच्छ असते. दोन्ही लोक वापरतात, पण आपण कुठलं वापरतोय हे माहीत असायला हवं. पेट्रोल मात्र कधीच नाही, साधारण उणे ४० लाही ते पेटतं, त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत सरपटत लांब जाऊन भलत्याच ठिकाणी पेट घेते, शिवाय त्यात बेन्झीन नावाचं रसायन असतं (ते जर्मन बेन्झिन वेगळं) ज्याने कॅन्सर होतो. दुसऱ्याने आणलेलं, लेबल नसलेलं, बाटली बदललेलं काहीही घ्यायचं नाही. स्वतः दुकानात जा, सीलबंद घे, बाटलीवरचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे किती अंशांवर पेटण्याइतकी वाफ सुटते तो आकडा, वाच. नाव बदललं तरी हा आकडा फसवत नाही, फक्त सेल्सिअस आहे की फॅरनहाइट ते बघ.

आता तुझं हॉस्टेल. तोंडातून जाळ काढण्याला सरळ नाही म्हण, आणि "अजून शिकले नाही" असं नको म्हणू, "मी करत नाही" असं म्हण, नाहीतर महिन्याभरात परत विचारतील. तोंडात धरलेलं फ्युएल श्वासाबरोबर थोडं जरी आत गेलं तरी फुप्फुसाला सूज येते, डॉक्टरांच्या भाषेत त्याला फायर ईटर्स न्यूमोनियाच म्हणतात, म्हणजे बघ हे किती वेळा झालेलं असणार. ताप, छातीत दुखणं, खोकला, हॉस्पिटल. परक्या देशात, एकटी. मी ते कधी केलं नाही आणि त्यामुळे गेलेल्या कामांचं मला वाईट वाटत नाही.

रोज रात्री हेही नको. वारा रोज सारखा नसतो, खांदे रोज सारखे नसतात, आणि सातव्या रात्री तू थकलेली असतेस तेव्हाच वाती न झटकता उभी राहतेस. आठवड्यातून तीन रात्री, पेटवून जास्तीत जास्त दोन फेऱ्या, एक फेरी म्हणजे वात जळते तेवढी, साधारण तीन ते पाच मिनिटं. त्यांना उलट मेसेज कर आणि लेखी मागून घे: वारा जास्त असेल तर शो रद्द करायचा हक्क माझा आणि त्या दिवशीही राहणं-जेवण चालू, फ्युएल मी आणणार खर्च तुमचा, एक ठरलेलं माणूस सेफ्टीला जे त्या रात्री प्यायलेलं नसेल आणि ज्याला मी आधी शिकवणार, माझ्याभोवती सगळीकडून निदान पाच-सहा मीटर मोकळं आणि दोरी लावलेली, आणि शोचे ठरलेले पैसे. टिप्स या वरचे पैसे. ज्यांना यातलं काही जड वाटतं त्यांना तुझी किंमत नाहीये, आणि पाय भाजल्यावर तर ते तुला ओळखणारही नाहीत.

एक मात्र आवर्जून विचार त्यांना: दुपारी तुमच्या पाहुण्यांसाठी पोईचा क्लास घेऊ का? हो म्हणाले तर तिथं जायचा विचार कर. कारण दुपारी क्लासला आलेल्या आठ-दहा जणांतली एक तरी व्यक्ती अशी निघते की तिला फिरवण्यापेक्षा बघण्यात जास्त रस असतो, जी प्रश्न विचारते, जिचं लक्ष असतं. तीच तुझी त्या गावातली सेफ्टी. मला अशी माणसं प्रत्येक देशात सापडली, एक निवृत्त नर्स होती, एक सतरा वर्षांचा मुलगा त्याच्या आईला घेऊन यायचा, एक बाई तर पोई शिकल्याच नाहीत शेवटपर्यंत पण सहा आठवडे एकही शो चुकवला नाही, टॉवेल स्वतःच्या घरून आणायच्या.

"शिकवण्याइतकी चांगली नाही" म्हणतेस ना, त्याबद्दल बोलू. शिकवायला तुला सगळ्यात अवघड मूव्ह यायची गरज नाही. मागच्या आठवड्यात जे आलं ते शिकवू नकोस, दोन वर्षांपूर्वी जे आलं ते शिकव, कारण ते आता हातात मुरलंय आणि ते शिकताना कुठं अडलं होतं हेही अजून आठवतंय. मी माझा पहिला तास अजूनही मोज्यांवर घेते, लांब मोजा, त्यात टेनिस बॉल, वर गाठ, संपलं. कमजोर हात आधी. उजवा हात बहुतेकांचा आपोआप येतो, डावा मागे पडतो आणि मग माणूस म्हणतो मला जमत नाही, म्हणून पहिली दहा मिनिटं उजवा हात खिशात. पुढच्या दिशेने गोल, शरीराच्या डावीकडं एक, उजवीकडं एक, बस्स. मी त्यांच्याकडे तोंड करून उभी राहते आणि आरशासारखं करते, म्हणजे त्यांचा डावा तर माझा उजवा, हे तुला सराव करून बसवावं लागेल, सुरुवातीला डोकं गरगरतं.

आणि मग कुणीतरी स्वतःच्याच कानावर बॉल मारून घेतं. इथं कळतं तू शिकवू शकतेस का. एक साठीच्या बाई होत्या माझ्याकडे, प्रत्येक चौथ्या गोलाला बॉल कानावर. त्या बॉलकडे बघत होत्या, मीही आधी बॉलकडेच बघत होते. मग मी त्यांचा खांदा बघितला. गोल डावीकडून उजवीकडं आणताना त्यांचा खांदा वर चढत होता, त्याबरोबर कोपर बाहेर, मनगट आत, आणि गोल तिरका होऊन डोक्याकडं. मी फक्त एवढंच म्हटलं की हात पोटाच्या उंचीवर ठेवा, जणू हातात भरलेला कप आहे. पाच मिनिटांत बॉल सरळ फिरायला लागला आणि त्या हसायला लागल्या, मोठ्याने, थांबेचनात. मार बॉलचा असतो पण चूक खांद्यात असते, हे तुला दिसायला लागलं की तू शिक्षिका झालीस. तुझ्या तीन वर्षांत तुला हे नक्की दिसायला लागलं असणार, फक्त कुणी विचारलं नाही.

आगीशिवायच्या या क्लासला कमी लेखू नकोस. ऑकलंड विद्यापीठात ज्येष्ठ नागरिकांना पोई शिकवून अभ्यास केला गेला, त्यात तोल, पकडीची ताकद, लक्ष टिकणं यात सुधारणा दिसली. म्हणजे तुझे विद्यार्थी फक्त बीचवरची तरुण मुलं नाहीत. शाळा, वृद्धांची केंद्रं, नृत्याचे स्टुडिओ, पावसाळी दिवस, बंद हॉल, जिथं आग चालतच नाही तिथं मोजे आणि एलईडी पोई चालतात. मला सीझन नसताना जगवलं ते यांनीच.

विद्यार्थ्याला पहिल्यांदा पेटवून देणं ही वेगळी जबाबदारी आहे. माझ्याकडे पहिल्या भेटीत कुणी पेटवत नाही, कितीही हात जोडले तरी. आधी पाच मिनिटं स्वतःला न मारता, मग न पेटवलेल्या खऱ्या वातींवर, कारण त्यांचं वजन वेगळं आणि साखळी मोज्यासारखी माफ करत नाही. मग एकाला एक सेफ्टी. आणि पेटवायच्या आधी मी सांगते की आवाज येईल. लोकांची तयारी धगीची असते, आवाजाची नसते, पहिल्या गोलाला कानाजवळून भर्रकन जातं ना तेव्हा माणूस आकसतो आणि हात अंगाजवळ घेतो, नेमकं तेच करायचं नसतं.

कुठं जायचं विचारत असशील तर बीचपासून सुरुवात करूच नकोस, जिथं फिरवणारे जमतात तिथून कर. युरोपियन जगलिंग कन्व्हेन्शन १९७८ साली ब्रायटनमध्ये सुरू झालं आणि दर उन्हाळ्यात वेगळ्या गावात भरतं, तिथं वर्कशॉप घ्यायला मोठं नाव लागत नाही, आलेलेच लोक एकमेकांना शिकवतात. तुझ्यासारखीने पहिला परदेशी क्लास तिथं घ्यावा, चुकलीस तर सांभाळून घेणारे शंभर हात आजूबाजूला. एडिनबरामध्ये कॅल्टन हिलवर ३० एप्रिलच्या रात्री बेल्टेन फायर फेस्टिव्हल होतो, १९८८ पासून, तो स्वयंसेवक उभा करतात, आधी कितीतरी आठवडे तयारी चालते. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटातल्या बर्निंग मॅन या महोत्सवात मोठा पुतळा जाळायच्या आधी फायर स्पिनर्सचे गट फिरवतात, आणि तिथं गट म्हटलं की फिरवणाऱ्यांबरोबर सेफ्टीची माणसं आलीच. अशा ठिकाणी एकदा फिरवू नकोस, नुसती टॉवेल धर. ज्या बाईने रात्रभर दुसऱ्यांचा टॉवेल धरला तिला पुढच्या गावात झोपायला जागा मिळते, हे मी अनुभवाने सांगतेय.

आणि जाण्याआधी हे हत्यार कुठून आलं ते वाचून जा, शिक्षिका म्हणून तुला विचारतील. पोई माओरींचं, न्यूझीलंडचं, त्यांच्याकडे ते गाण्याबरोबरचं नृत्य आहे, पाणवनस्पतीच्या पानांपासून केलेला गोळा आणि दोरी, आगीचा संबंध नाही, आग नंतरच्या लोकांनी लावली. सामोअन फायरनाइफची, म्हणजे पेटता सुरा फिरवायच्या नाचाची गोष्ट तर मला फार आवडते. फ्रेडी लेटुली नावाचे सामोअन नर्तक १९४६ साली सॅन फ्रान्सिस्कोत सरावाला गेले होते, तिथं त्यांनी एका हिंदू कलाकाराला आग खाताना बघितलं आणि एका मुलीला टोकांना दिवे लावलेली बॅटन फिरवताना, आणि मग आपल्या सुऱ्याला टॉवेल गुंडाळून त्या कलाकाराकडून फ्युएल घेऊन पेटवलं. सुऱ्याचा नाच जुना, सामोअन योद्ध्यांचा, आग नवी. त्यामुळे कुणी हॉटेलवाला गवताचा घागरा घालून "बेटावरचा पारंपरिक नाच" कर म्हणाला तर नाही म्हणायचं, तो नाच ज्यांचा आहे ते लोक आहेत आणि ते तो करतात.

बाकी व्यवहाराचं पटापट सांगते. विमानात फ्युएल नेता येत नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि चेक-इनमध्येही नाही, वापरलेला डबाही नाही. फ्युएलचा वास येणाऱ्या वाती अडवल्या जाऊ शकतात आणि अडवणाऱ्याचं बरोबरच असतं, म्हणून प्रवासात न पेटवलेल्या कोऱ्या केवलारच्या (आगीला टिकणाऱ्या धाग्याच्या) वाती ने, सुट्या काढता येतील अशा, आणि जुन्या कुणा विद्यार्थ्याला देऊन टाक. साखळ्या चेक-इनमध्ये. दर शोआधी प्रत्येक कडी, प्रत्येक जोड बोटाने तपास, साखळी सुटून पेटती वात प्रेक्षकांत गेलेली मी बघितली आहे. कपडे सुती, लोकरीचे किंवा कातड्याचे, नायलॉन-पॉलिस्टर अंतर्वस्त्रातसुद्धा नको. केस बांधून ओल्या सुती रुमालात. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, अंगठ्या-बांगड्या लगेच काढायच्या, चिकटलेलं कापड ओढायचं नाही, आणि मग डॉक्टर.

व्हिसाचं हलकं घेऊ नकोस. राहणं-जेवणाच्या बदल्यात शो म्हणजे पैसे नाहीत म्हणजे काम नाही, असं हॉस्टेलवाले सांगतात, बऱ्याच देशांत कायदा तसं मानत नाही, आणि हद्दपारीचा शिक्का तुझ्या पासपोर्टवर बसतो, त्यांच्या नाही. थायलंडसारख्या ठिकाणी तर फुकटच्या कामालाही वर्क परमिट लागतं. अमेरिकेत टुरिस्ट व्हिसावर पैसे घेऊन शो करता येत नाही, कलाकारांसाठी ओ आणि पी प्रकारचे व्हिसा आहेत. शेंगेन देशांमध्ये १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, सगळे देश मिळून, त्यामुळे युरोपचा उन्हाळा आखताना दिवस मोज. फेस्टिव्हलचं लेखी आमंत्रण हातात असलं की हे सगळं पुष्कळ सोपं होतं. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये धोक्याची कामं वगळलेली असतात, ते बारीक अक्षर वाच, आणि प्रेक्षकाला इजा झाली तर भरपाई देणारा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स वेगळा असतो, चांगले आयोजक तो मागतातच. सहा महिन्यांचा खर्च आणि परतीचं तिकीट एवढे पैसे बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस, परतीच्या तिकिटाला हात लावायचा नाही, कारण ज्याच्याकडे परत जायचे पैसे नसतात तो लेबल नसलेल्या बाटलीला नाही म्हणू शकत नाही.

राहिली आई. तू तिला समजावायचा प्रयत्न करत असणार, व्हिडिओ दाखवत असणार, आणि व्हिडिओत तिला फक्त तिची मुलगी आणि आग दिसते, तिच्या पोटात गोळाच येणार. ती म्हणते ते खोटं नाहीये, जिवावरचाच खेळ आहे, तिला "काही होत नाही" असं म्हणू नकोस. तिला शिकव. वर सांगितलेली दहा मिनिटं, चिंधी बांधून, दोनदा, ओला टॉवेल दोन्ही हातांत, डोळे कपड्यांवर, जागा सांगून ओरडायचं, दाबून धरायचं. मोकळं मैदान बघ, वारा पडलेली संध्याकाळ बघ, आणि जाण्याआधी एकदा, एकच वात, दोन मिनिटं, फक्त तिच्यासमोर पेटव. बाजूला तुझी नेहमीची अनुभवी सेफ्टी असू दे, पण टॉवेल आईच्या हातात. कदाचित त्यानंतरही ती नकोच म्हणेल. पण मग ती कशाला नको म्हणतेय हे तिला माहीत असेल आणि तुम्ही दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलत असाल.

झालं की मला लिही. ती पहिल्यांदा काय ओरडली तेही लिही.

तुझी,
ताई